मागच्या बाकावरून : बार कौन्सिलच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
बार कौन्सिल ऑफ इंडिया,
नवी दिल्ली



मी एका जिल्ह्याच्या गावी विधी महाविद्यालयात राज्यघटना आणि पुराव्याचा कायदा शिकवते. त्याआधी नऊ वर्षं तालुका कोर्टात वकिली केली. पूर्णवेळ नोकरी लागली तेव्हा नियमाप्रमाणे सनद स्थगित केली. ती अजून घरच्या कपाटात, गाऊनच्या घडीखाली आहे. मला आपल्याकडे एक मागणी करायची आहे. विधी महाविद्यालयांच्या विधी सेवा केंद्रात येणाऱ्या माणसांसाठी, एक पैसाही फी न घेता, आम्हा पूर्णवेळ शिक्षकांना कोर्टात उभं राहू द्यावं, एवढीच ती आहे. पण तिच्यामागे एका माणसाची कारकीर्द आणि एका दाव्याची नऊ वर्षं आहेत. ती सांगितल्यावाचून मागणीचं वजन आपल्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून हे लांबचं पत्र.

दर वर्षी मार्च महिन्यात मी वर्गात एक निकाल वाचायला देते. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर, मुंबई उच्च न्यायालय, १७ मार्च १९३७. महाडच्या चवदार तळ्याचा दावा. मुलं नाव वाचतात आणि बाबासाहेब यात वकील असणार असं धरून चालतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की ते प्रतिवादी आहेत. त्या दिवशी हा प्रतिवादी काय काम करत होता, असं मी विचारते. उत्तर सहसा येत नाही. ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि न्यायशास्त्र शिकवत होते.

या गोष्टीपाशी मी दर वर्षी थोडी थांबते. कायदा शिकवणारा माणूस, कायदा चालवणारा माणूस आणि कायद्याच्या दारात पक्षकार म्हणून उभा असलेला माणूस, हे तिघं एकाच वेळी एकच होते. आपल्याकडे बाबासाहेबांवर इतकं लिहिलं गेलं, पण त्यांच्या आयुष्याचा हा भाग पुतळ्यांच्या हातातल्या ग्रंथामागे झाकला गेला आहे. घटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष सगळ्यांना ठाऊक असतात. तारखांना जाणारा, मोफसलच्या कोर्टात साक्षीपुरावा करणारा, संध्याकाळी वर्गात कायदा शिकवणारा वकील फारसा कुणाला ठाऊक नसतो.

ग्रेज इनमधून १९२२ साली ते बॅरिस्टर झाले आणि पुढच्या वर्षी मुंबईला परतले. सनदेसाठी भरायला पैसे नव्हते, ते मित्र नवल भथेना यांनी दिले. १९२३ च्या जुलैपासून वकिली सुरू झाली. त्या काळच्या मुंबई हायकोर्टात ओरिजिनल साइडला अशील बॅरिस्टरकडे थेट येत नसे. मधे सॉलिसिटर असायचा, आणि त्याने ब्रीफ दिली तरच काम मिळायचं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला कोण पुढे येणार? म्हणून ते अपेलेट साइडला आणि मुंबईबाहेरच्या जिल्हा कोर्टांत गेले. अशील गरीब, फी बेताची, पुष्कळदा तीही नाही. घर चालावं म्हणून १९२५ च्या जूनपासून जवळजवळ तीन वर्षं त्यांनी बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायद्याचे तास घेतले. त्याही आधी, १९१८ ते १९२० या काळात, ते सिडनम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. तिथं प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. पाण्याचा दावा पुढे महाडला उभा राहिला खरा, पण पाण्याचा हा अनुभव त्यांना कॉलेजच्या स्टाफरूममध्येही आलेला होता.

परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी होती. तिथंच लोक आपापली गाऱ्हाणी घेऊन येत. राहायला पोयबावडीची बीआयटी चाळ. मला हे पत्ते महत्त्वाचे वाटतात. वकील कुठं बसतो यावरून त्याच्याकडे कोण येऊ शकतं ते ठरतं. फोर्टातल्या चेंबरचा जिना चढायला गिरणीतला माणूस कचरतो. दामोदर हॉलची पायरी त्याला परकी नव्हती.

त्यांनी कुणाकुणाचे खटले चालवले ते पाहिलं म्हणजे नागरी हक्कांचा वकील कसा असतो ते दिसतं. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाचे लेखक दिनकरराव जवळकर आणि प्रकाशक केशवराव जेधे यांच्यावर पुण्यात बदनामीचा खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षाही झाल्या. १९२६ साली अपिलात आंबेडकरांनी त्यांना सोडवलं. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’चे र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला होता. लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरं देणं हा गुन्हा कसा, असं विचारणारी बाजू मुंबईत मांडायला तेव्हा फार थोडे वकील तयार झाले असते. आंबेडकर उभे राहिले आणि खटला हरले. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा हरलेला खटला मुद्दाम सांगते. लेखनाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या समाजापुरता कधी धरला नाही, आणि जिंकण्याची खात्री असेल तरच वकीलपत्र घ्यायचं असाही त्यांचा हिशेब नव्हता.

आता तळ्याकडे येते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेनं आपलं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पण अस्पृश्यांपैकी कुणी पाण्याला हात लावू शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. पुढचा मार, मग तळ्याचं ‘शुद्धीकरण’, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. वकिलाची गोष्ट त्यानंतर सुरू होते.

नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल झाला. तळं आमच्या मालकीचं आहे, आणि अस्पृश्यांनी तिथलं पाणी घ्यायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असं वादींचं म्हणणं. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला.

आपण वकील आहात. त्या हुकुमानं काय पेच उभा केला असेल ते आपल्याला मी सांगायला नको. २५ डिसेंबरला हजारो माणसं महाडला जमली होती. सत्याग्रहासाठी त्यांनी नावं नोंदवली होती, घरून भाकरी बांधून, पायी चालून ती आली होती. आणि त्यांच्या पुढाऱ्याच्या हातात दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम होता. हुकूम मोडला तर सरकारशी झगडा. मानला तर पाण्यापासून दहा पावलांवर येऊन माघार. आंबेडकरांनी लोकांना समजावलं की आपली लढाई सनातन्यांशी आहे, कोर्टाचा हुकूम मोडून ती सरकारकडे वळवायची नाही. लोकांनी ते ऐकलं. त्यांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता परत फिरले.

मी विद्यार्थ्यांना घेऊन महाडला जाते तेव्हा तळ्याला एक फेरी मारायला लावते. बोलायचं नाही, फक्त चालायचं. पाणी अगदी हाताशी असतं. त्या फेरीनंतर ‘कायद्याचं राज्य’ हे शब्द मुलांच्या तोंडून वेगळे निघतात, असा माझा अनुभव आहे. कायदा आपल्या विरुद्ध वापरला जात असताना तो पाळायचा आणि मग त्याच कायद्याच्या वाटेनं नऊ वर्षं चालायचं, हे बळ मला त्याच वेळी महाडला झालेल्या मनुस्मृतीच्या दहनाइतकंच मोठं वाटतं.

नऊ वर्षं म्हणजे खरोखर नऊ वर्षं, वर तीन महिने. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. महाडच्या कोर्टानं १९३१ साली दावा फेटाळला. ठाण्याला अपील झालं, तेही १९३३ साली फेटाळलं गेलं. मग हायकोर्टात दुसरं अपील. तिथं न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यासमोर ते चाललं. हे ब्रूमफील्ड तेच, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती.

हायकोर्टानं अपील फेटाळलं. कारण काय दिलं, ते मी वर्गात तीन-तीनदा वाचून घेते. मालकीचा दावा टिकला नाही. राहिली रूढी. रूढीला कायद्याचं बळ हवं असेल तर ती अनादी काळापासून चालत आल्याचा पुरावा पाहिजे, आणि तसा पुरावा वादींनी दिला नाही. बस्स, एवढंच. रूढी सिद्धच झाली नाही, तेव्हा ती अन्याय्य आहे का, लोकहिताच्या विरुद्ध आहे का, हे पाहण्याची गरज उरली नाही. शिवाय खालच्या कोर्टांत तसा मुद्दा मांडला गेला नव्हता, याचीही नोंद निकालात आहे.

माझ्या मते पुराव्याचा कायदा शिकवण्यासाठी याहून चांगला निकाल मराठी मुलखात झालेला नाही. माणसाला पाणी प्यायचा हक्क आहे म्हणून चवदार तळं खुलं राहिलं नाही. सनातन्यांचे साक्षीदार पुरेसे मागे जाऊ शकले नाहीत म्हणून ते राहिलं. उद्या दुसऱ्या गावच्या तळ्याचा दावा आला आणि तिथं कुणी दोनशे वर्षांपूर्वीचा कागद काढला, तर? विजयाच्या पोटात असलेली ही भीती त्या प्राचार्यांना कळली नसेल असं मला वाटत नाही.

म्हणून मी निकाल संपला की लगेच घटना उघडायला लावते. अनुच्छेद १३. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा शून्य, आणि ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि परिपाठही आले. अनुच्छेद १५, खंड २. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, सार्वजनिक जागा, ज्यांचा खर्च पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून होतो किंवा ज्या लोकांसाठी खुल्या केलेल्या आहेत. त्यात नगरपालिकेचं तळं दिसतं की नाही? अनुच्छेद १७ मध्ये अस्पृश्यता नष्ट. महाडच्या दाव्यात ज्या दोन प्रश्नांवर नऊ वर्षं गेली, जागा कुणाची आणि रूढी किती जुनी, त्या दोन्ही प्रश्नांची दारं या तीन अनुच्छेदांनी बंद केली. या तरतुदी अनेकांच्या हातांनी घडल्या, हे मला माहीत आहे. पण मसुदा समितीच्या अध्यक्षाच्या मागे महाडच्या दिवाणी कोर्टाच्या तारखा होत्या, आणि त्या तारखांनी त्याला काय शिकवलं ते त्या शब्दांत मला दिसतं.

शिक्षक म्हणूनही ते दोन वेळा शासकीय विधी महाविद्यालयात आले. १९२८ मध्ये प्राध्यापक म्हणून, जवळपास एक शैक्षणिक वर्ष. मग १ जून १९३५ पासून प्राचार्य, १९३८ च्या मे महिन्यापर्यंत. २७ मे १९३५ ला रमाबाई गेल्या. पाचव्या दिवशी ते प्राचार्यांच्या खुर्चीत बसले. ऑक्टोबरात येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, पुढच्या वर्षी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापून निघालं, स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, त्यानंतर निवडणूक झाली. या सगळ्या धामधुमीत, १९३६ च्या जानेवारीत, कॉलेजच्या मासिकात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. नुसता कायदा शिकून वकील पुरा होत नाही, त्याला इतर विषयांची जोड हवी, हा त्यातला आग्रह. देशाच्या राजकारणाच्या मध्यभागी असलेला माणूस वर्गात काय शिकवावं याची काळजी करत होता, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

अध्यक्ष महाराज, आता माझ्या वर्गाबाहेरची एक गोष्ट.

आपल्याच २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी सेवा केंद्र असावं लागतं. ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली अंतिम वर्षाच्या मुलांनी ते चालवायचं. चांगला नियम आहे. आमच्याकडे मी ते केंद्र पाहते; आम्ही सगळे त्याला क्लिनिकच म्हणतो. काही वर्षांपूर्वी तिथं एका वस्तीतली सातआठ माणसं आली. स्मशानभूमीकडे जाणारी त्यांची गाडीवाट एका शेतातून जायची. शेत विकलं गेलं, नव्या मालकानं वाट नांगरून तारेचं कुंपण घातलं. मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता आला असता, पण त्याला सहा महिन्यांची मुदत असते, आणि माणसं आमच्यापर्यंत आली तेव्हा आठवा महिना चालू होता. मग दिवाणी दावा. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील मिळाले.

मला महाड आठवलं ते उलट्या बाजूनं. तिथं रूढी सिद्ध करण्याचा बोजा सनातन्यांवर होता. इथं वीस वर्षांची वहिवाट सिद्ध करायचा बोजा वस्तीवर होता. वाटेचा दाखला कुणाकडे असतो? गरिबाच्या पायवाटेची नोंद नकाशात नसते. आमची एक विद्यार्थिनी तीन शनिवार ग्रामपंचायतीत बसली आणि मृत्युनोंदीच्या रजिस्टरच्या नकला काढून आली. चोवीस वर्षांत वस्तीतले एकतीस मृत्यू. तिनं ते वर्षाप्रमाणे लावले, महिन्याप्रमाणे लावले. अकरा मृत्यू पावसाळ्यातले निघाले. ‘मॅडम, हे लोक नाल्याच्या बाजूनं जात होते असं समोरचे म्हणतील. पण या अकरा वेळेला नाल्यातून कसं नेणार?’ बावीस वर्षांची मुलगी. पुराव्याच्या कायद्यावरचं एवढं चांगलं उत्तर मला तिच्या उत्तरपत्रिकेतही मिळालं नव्हतं.

साक्षीच्या दिवशी आम्ही दोघी मागच्या बाकावर होतो. पॅनेलचे वकील तिसरे होते. आधीचे दोघं बदलून फाइल त्यांच्याकडे आठ दिवसांपूर्वी आली होती. त्या दिवशी बोर्डावर त्यांची वेगवेगळ्या कोर्टांत मिळून बरीच कामं होती. भला माणूस, दोष त्यांचा नाही. साक्षीदार सत्तरीचे गृहस्थ, टोपी हातात धरून उभे. उलटतपासात त्यांना विचारलं, प्रेत तुम्ही नाल्याकडच्या वाटेनं नेत होता, बरोबर? आजोबा प्रामाणिक होते. म्हणाले, ‘कधीमधी नेलंय.’ ते साक्षीत नोंदलं गेलं. मला शब्द ऐकू आले आणि पाठोपाठ प्रश्नही दिसला. फेरतपासात एवढंच विचारायचं होतं, नाल्याला पाणी कधी असतं? आणि मग निशाणी पडलेलं ते रजिस्टर त्यांच्यापुढे धरायचं होतं. दोन प्रश्न होते, जेमतेम मिनिटभराचे.

विद्यार्थिनीनं चिठ्ठी लिहिली. मी ती पुढच्या बाकावरच्या एका ज्युनिअरकडे दिली. तोवर वकीलसाहेब ‘फेरतपास नाही’ म्हणाले होते आणि आजोबा पिंजऱ्यातून खाली उतरत होते. उतरताना त्यांनी मागे आमच्याकडे पाहिलं. बरोबर बोललो ना, असं त्या पाहण्यात होतं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज नंतर दिला, तो नामंजूर झाला.

अध्यक्ष महाराज, या प्रसंगात मी कुणाकडे बोट दाखवत नाही. मी नियम दाखवते आहे. अ‍ॅडव्होकेट हा पूर्णवेळ पगारी नोकर असू नये, हा आपला नियम ४९. त्याचा हेतू मला मान्य आहे. वकिलानं मालकाच्या ताब्यात नसावं, अशिलाशी निष्ठा दुभंगू नये. १९७९ च्या कायदा-अध्यापनाच्या नियमांनी वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवायची मुभा दिली. म्हणजे वकील वर्गात येऊ शकतो. शिक्षक कोर्टात जाऊ शकत नाही. दार एकाच बाजूनं उघडतं. आणि त्याच वेळी आपला २००८ चा नियम त्याच शिक्षकाला विधी सेवा केंद्राचा प्रमुख करतो. वकीलपत्रावर सही करू न शकणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली, सनद अजून न मिळालेल्या मुलांनी, कोर्टाची मदत मागायला आलेल्या माणसाला मदत करायची. आम्ही अर्ज लिहून देतो, कायदेविषयक शिबिरं घेतो, पथनाट्यं करतो. पुकारा झाला की मागच्या बाकावर बसतो.

अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३२ खाली कोर्ट एखाद्या प्रकरणापुरती सनद नसलेल्या माणसाला परवानगी देऊ शकतं, हे मला ठाऊक आहे. पण ती दर प्रकरणात नव्यानं मागायची, दर न्यायाधीशांच्या विवेकावर ती अवलंबून. अशा परवानगीच्या भरवशावर केंद्र चालवता येत नाही, आणि वस्तीतल्या माणसाला ‘आम्ही आहोत’ असा शब्दही देता येत नाही.

मेडिकल कॉलेजचा प्राध्यापक सकाळी वॉर्डात राउंड घेतो. रोग्याच्या खाटेपाशी उभा राहून शिकवतो, गरज पडली तर स्वतः शस्त्रक्रियेला उभा राहतो. तो पूर्णवेळ पगारी नोकर आहे म्हणून त्यानं रोग्याला हात लावू नये, असं कुणी म्हणत नाही. उलट, रोगी न पाहणाऱ्या माणसाकडून वैद्यक शिकायला कुणी तयार होणार नाही.

याला विरोध कोणता होईल ते मी जाणते, आणि तो पोकळ नाही. एके काळी बहुतेक कायदा कॉलेजं अर्धवेळ वकिलांवर चालत. हायकोर्टातून घाईघाईनं येऊन, हजेरी घेऊन, नोट्स सांगून जाणारे प्राध्यापक आमच्या आधीच्या पिढीनं पाहिले आहेत. शिक्षकाला कोर्टाची मुभा दिली की वर्ग ओस पडतील, पगार सरकारचा आणि लक्ष अशिलावर, ही भीती खरी आहे. म्हणून मी मुभा सरसकट मागत नाही. फी नको. खाजगी वकीलपत्र नको. फक्त विधी सेवा केंद्रात नोंदलेली प्रकरणं, वर्षाला ठरावीक संख्येची, प्राचार्यांच्या आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या संमतीनं. शेजारच्या खुर्चीवर अंतिम वर्षाचा विद्यार्थी असलाच पाहिजे, ही अट घाला. फी नसेल तर लोभाचं कारण उरत नाही, आणि विद्यार्थी बरोबर असेल तर ती तारीख हाच तास होतो. आज महाराष्ट्रात किती विधी महाविद्यालयं तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर उभी आहेत, हे आपल्या तपासणी पथकांनी पाहिलेलं आहे. वर्ग ओस पडण्याची कारणं तिथं आहेत, आमच्या तारखांत नाहीत.

शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र कोर्टात गेले म्हणजे काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. आंबेडकर वकिली आणि अध्यापन करत होते त्याच वर्षांत चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलांना कायदा शिकवत होते. ते स्वतः हार्वर्डचे. संध्याकाळचं कॉलेज त्यांनी पूर्णवेळ दिवसाचं केलं, म्हणजे शिक्षकानं वर्गाला पूर्ण वेळ द्यावा असाच त्यांचा आग्रह होता. तरीही ते दक्षिणेकडच्या राज्यांत हिंडले, कॅमेरा घेऊन काळ्या मुलांच्या मोडक्या शाळांचं चित्रण केलं. १९३५ साली बाल्टिमोरच्या कोर्टात, मेरीलँड विद्यापीठाच्या कायदा शाखेनं वर्णावरून प्रवेश नाकारलेल्या तरुणासाठी, ते आपल्याच माजी विद्यार्थ्याबरोबर उभे राहिले आणि जिंकले. तो विद्यार्थी थर्गुड मार्शल. पुढे शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धचा १९५४ चा ब्राउन खटला त्यानं जिंकला, आणि १९६७ मध्ये तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाला. ब्राउनचा निकाल पाहायला ह्यूस्टन नव्हते. ते १९५० मध्येच गेले होते.

मार्शल वर्गात हुशार होता, यात शंका नाही. पण साक्षीदाराला कधी थांबवायचं आणि कधी बोलू द्यायचं, हे त्यानं गुरूच्या शेजारी बसून पाहिलं. ते फळ्यावर लिहून दाखवता येत नाही. मी एकोणीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे, म्हणून सांगते.

आमच्या त्या विद्यार्थिनीनं आता पदवी घेतली आहे. सनदेचा अर्ज भरला आहे, बार परीक्षा व्हायची आहे. दावा अंतिम युक्तिवादावर आला आहे. चौथे वकील आले आहेत. त्यांच्यासाठी आम्ही दोघींनी एकतीस मृत्यूंचा तक्ता नव्यानं करून दिला, पावसाळ्यातल्या अकरा नावांखाली लाल रेघ मारली. मधल्या काळात वस्तीत आणखी दोन माणसं गेली. एक ऑगस्टात. तेव्हा कुंपणाच्या तारेखालून प्रेत नेता येईना, म्हणून नाल्याचं पाणी उतरेपर्यंत माणसं काठावर थांबली होती. हे आता रेकॉर्डवर आणता येणार नाही.

पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला युक्तिवाद आहे. सकाळी साडेदहाला आम्ही तिथं असू.

आपली,
सनद स्थगित असलेली एक विधी प्राध्यापिका